आटलेलं हूड पुन्हा गाडीवर कसं बसवायचं: जुनी एमजीबी आणि खानदेशचं ऊन

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन चार दिवस झाले होते. चाळीसगावकडचे एक आप्पा त्यांची लाल एमजीबी, म्हणजे जुनी दोन सीटची उघडी इंग्लिश गाडी, घेऊन जळगावला माझ्या दुकानात आले. गाडी चालू, इंजिन छान, पण डोक्यावर छप्पर नाही. हूड, म्हणजे घडी होणारं छप्पर, मागे घडी करून पडलेलं. जिनिंगच्या शेडमध्ये गाडी काही वर्षं तशीच उभी होती आणि त्या सगळ्या काळात हूड एकदाही उघडलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "भो, हे आटलं पाहाय. पुढे तीन बोटं कमी पडून राहिलं. तू नवं शिवून दे."

मी म्हटलं, "आप्पा, तीन दिवस गाडी माझ्याकडे ठेवा. आधी उन्हाला विचारू, मग शिवायचं पाहू."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच हूड, त्याच गाडीवर, दोन्ही लॅच अंगठ्याने बंद होतील असं बसलं. ते कसं बसलं ते इथे सविस्तर लिहितो. जुन्या दोन सीटच्या उघड्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आहेत, आणि त्यांचं हूड आखूड झालं की मालक एक तर ते ओढून फाडतो नाही तर चांगलं असताना फेकून देतो. दोन्हीचं मला मनापासून वाईट वाटतं. मूळ मापाचं हूड आपल्या भागात सहज मिळत नाही, आणि हाताने शिवलेलं हूड कितीही जपून केलं तरी कारखान्याच्या शिवणीची बरोबरी करायला मेहनत पडते.

आज एमजी म्हटलं की लोकांना हालोलला बनणारी हेक्टर आठवते. एमजीबी त्याच नावाची, पण १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. खाली सांगितलेलं बहुतेक काम ट्रायम्फ स्पिटफायरला किंवा तशाच दुसऱ्या गाडीलाही लागू पडतं. फरक पडतो तो बटणांच्या जागांचा आणि मागची कड कशी अडकते त्याचा.

हूड आटतं म्हणजे काय होतं

या गाड्यांचं हूड बहुतेक वेळा रेक्झिनचं असतं: वर पीव्हीसीचा थर, खाली कापडाचं अस्तर. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी कारखान्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ऊन, धूळ आणि वर्षं यांनी ते हळूहळू उडून जातं. ते गेलं की थर कडक होतो आणि थोडा आकसतो. हे आकसणं कायमचं. ते परत येत नाही.

पण आखूड पडण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि माझ्या अनुभवात बऱ्याचदा तेच मोठं असतं. हूड महिनोन्‌महिने घडीत राहिलं, त्याला कुठूनच ताण नव्हता, तर रेक्झिन त्या घडीतच बसून जातं. प्रत्येक सुरकुती आपापली दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लांबी खाते. अशा आठ-दहा सुरकुत्या असल्या की पुढे दोन-अडीच इंच कमी पडतात. हे आटणं उष्णतेने सुटतं. म्हणूनच खोक्यात घडी होऊन आलेलं कोरं हूडही पहिल्या दिवशी आखूड वाटतं.

तुमच्या हूडमध्ये कायमचं किती आणि सुटणारं किती, हे नुसतं पाहून कळत नाही. एक पूर्ण दिवस ऊन दिल्यावरच कळतं. म्हणून कात्री, सुई, ड्रिल यातलं काहीही त्याआधी हातात घ्यायचं नाही.

आधी खात्री करा की हूडच आखूड आहे

ही पायरी लोक गाळतात. माझ्याकडे "हूड आटलं" म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये हूड निर्दोष आणि दोष भलतीकडेच, असं बऱ्याचदा निघालं आहे.

पहिलं पाहा कमानींना धरणारे पट्टे. फ्रेमच्या कमानी एकमेकींपासून किती अंतरावर उभ्या राहायच्या, हे त्या पट्ट्यांवर ठरतं. पट्टा तुटला किंवा कुणी अंदाजाने जाड नवार लावून लांब-आखूड केला, तर कमान मागे-पुढे सरकते, हूड नको तिथे वर उचललं जातं आणि पुढे कमी पडतं. पट्टे आधी नीट करा, मग मापं घ्या.

दुसरं, पुढच्या पट्टीखालचं रबर. पुढची पट्टी म्हणजे हूडची पुढची कड जिच्यावर चिकटवलेली असते आणि जी लॅचने काचेच्या चौकटीवर बसते ती. जुनं रबर दबून पापडासारखं झालेलं असतं. कुणी तिथे जाड नवं रबर घातलं तर पुढची पट्टी वर उचलली जाते आणि लॅच लागत नाही. मालकाला वाटतं कापड कमी पडलं.

तिसरं, समोरच्या काचेची चौकट. एमजीबीची चौकट ॲल्युमिनियमची आहे. काच बदलताना ती काढून परत बसवली असेल आणि किंचित पुढे झुकली असेल, तर मागची कड ते काच हे अंतरच वाढतं. दोन्ही बाजूंनी चौकटीचा कल सारखा आहे का, ते दारांच्या काचा वर करून बघा. दाराच्या पुढच्या छोट्या तिकोनी काचेची कड आणि चौकट यांच्यातली फट डावी-उजवीकडे सारखी हवी.

चौथं, फ्रेम वाकलेली आहे का. हूड मागे नीट अडकवून पुढची पट्टी हलक्या हाताने काचेजवळ आणा आणि तीन ठिकाणी अंतर मोजा: मधोमध, डावा कोपरा, उजवा कोपरा. तिन्हीकडे साधारण सारखं अंतर असेल तर हूड आखूड आहे. एका कोपऱ्यात चार सूत आणि दुसऱ्यात दीड इंच असेल तर फ्रेमच वाकडी आहे, आणि तिथे ऊन काही करू शकणार नाही.

आप्पांच्या गाडीत मधोमध दीड इंचाला थोडं कमी, दोन्ही कोपऱ्यांत दीड इंच. म्हणजे खरंच आटलेलं.

रेक्झिन जिवंत आहे का

कोपऱ्याला, जिथे दिसणार नाही अशा जागी, दोन बोटांत हूड दुमडा. दुमड सोडल्यावर पांढरी रेघ उमटून राहिली किंवा बारीक तडे दिसले तर वरचा थर संपला. असं हूड तापवून ताणलं की त्याच रेघेवर फाटतं. तिथे सरळ नवं हूड करायचं.

रेक्झिन चांगलं असलं तरी दोरा बघा. नखाने शिवणीचा टाका उचलून पाहा. दोरा उन्हाने कुजलेला असेल तर तो भुसभुशीत तुटतो. अशी शिवण आधी नव्या पॉलिस्टर दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, मारून घ्या. नव्या जागी सुई घालू नका. भोकांची दुसरी रांग पडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

हे मी ठासून सांगतो त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली, जानेवारीत एका गाडीचं हूड मी दोन माणसं लावून ओढून बसवायला गेलो. थंडी होती, सकाळ होती, आणि गिऱ्हाईकाला दुपारी लग्नाला जायचं होतं. मागच्या प्लास्टिकच्या काचेच्या कडेची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली, आणि काचही फाटली. चूक माझी होती. नवी काच मी माझ्या खर्चाने घालून दिली, पण मूळची काच गेली ती गेलीच. त्यानंतर मी थंड हूडला कधीही जोर लावला नाही.

तयारी

आखाजीपासून मृगापर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि काळं रेक्झिन त्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दुपारी एकला त्यावर तळहात ठेवून दहा आकडे मोजता येत नाहीत. थंड मुलखातली माणसं याच कामासाठी बंद खोलीत हीटर लावतात, केस वाळवायचे ड्रायर फिरवतात. आपल्याला ते अंगणात फुकट मिळतं, आणि हीट गनपेक्षा ते चांगलंही आहे. ऊन सगळ्या कापडावर सारखं पडतं. हीट गन एका जागी जाळते आणि वीतभर अंतरावर गार ठेवते.

सामान असं जमवा: साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, चार-पाच जुने पंचे, शिंप्याचा खडू, टेप, मेणबत्तीचा तुकडा, दोन हात लांबीचे दोन मजबूत नायलॉनचे पट्टे, आणि हातमोजे. पुढची पट्टी उघडायची वेळ आलीच तर ३.२ मिलिमीटरचं ड्रिल बिट, त्याच मापाचे रिपिट (रिव्हेट), रिपिट गन आणि चिकटवायचं चांगलं सोल्यूशन लागेल. ते आणून ठेवा, पण दुकानाच्या आत ठेवा.

स्वतःचंही बघा. हूडला जे ऊन हवं तेच तुम्हाला लागतं. काम पाच मिनिटांचं, मग तास-दीड तास सावलीत, असंच करायचं. डोक्याला पंचा, जवळ पाण्याचं मडकं. दुपारी फ्रेमचे लोखंडी भाग उघड्या हाताने धरू नका.

पहिला दिवस: नुसतं ऊन

सकाळी हूड धुवून घ्या. आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, शिवणीत जाऊन बसते, आणि ताण आला की आतून दोरा कापते. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला आणि सावलीत निथळू द्या.

मग बटणं. एमजीबीला आणि तिच्या काळच्या गाड्यांना दोन-तीन जातींची बटणं असतात. साधं टिच बटण सगळ्यांना माहीत आहे. दुसरं खुंटीवर बसणारं बटण, जे तीन बाजूंनी पकडतं आणि एकाच बाजूने सुटतं. ज्या बाजूला बारीक ठिपका उठवलेला असतो तीच बाजू उचलायची. दुसऱ्या बाजूने उचकटलं तर कापडासकट येतं. तिसऱ्या जातीत मधली घुंडी वर ओढली की पकड सुटते. सगळी बटणं सोडून खुंट्या पुसा आणि प्रत्येक खुंटीवर मेणबत्तीचं मेण घासा. या एका गोष्टीने पुढचं निम्मं काम सोपं होतं, कारण शेवटी बटण बसत नाही ते बऱ्याचदा गंजामुळे. कापडाचा त्यात दोष नसतो.

साडेदहा-अकराला गाडी उन्हात घ्या. फ्रेम उभी करा, पण कुठेही अडकवू नका. हूड कमानींवर नुसतं पसरलेलं राहू द्या. दाराच्या काचा पूर्ण वर, दारं बंद. म्हणजे आतली हवाही तापते आणि हूडला दोन्हीकडून उष्णता मिळते. मागच्या प्लास्टिकच्या काचेवर ओला पंचा टाका. तिला इतकी उष्णता नको, तिचं पुढे सांगतो.

दोन तासांनी तळहाताने सुरकुत्या मधून बाहेर सपाट करत जा. इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरवा, ओढू नका. रेक्झिन आता चामड्यासारखं लुळं लागेल. पुन्हा दोन तास. माझ्याकडे काम शिकणारा पोऱ्या त्या दिवशी दर अर्ध्या तासाने लॅच लागतं का बघायला उठत होता. त्याला म्हटलं, "दम धर भो, ऊन लागू दे."

चारच्या सुमारास पुन्हा माप घ्या. आप्पांच्या गाडीत दीड इंचाचे सहा सूत राहिले होते. एका दिवसात निम्मं अंतर, आणि कुणी बोटही ओढलं नव्हतं.

दुसरा दिवस: ताण

आज हूड मागे अडकवायचं. एमजीबीच्या हूडच्या मागच्या कडेत धातूची पट्टी शिवलेली असते. ती डिकीच्या पुढच्या भागावरच्या दोन क्रोमच्या पकडींत नीट, दोन्ही बाजूंना सारखी सरकवा. ती अर्धीच बसली तर तिथे तीन-चार सूत वाया जातात. स्पिटफायरसारख्या गाडीत मागे बटणं असतात. तिथे आधी मधलं बटण, मग एक डावीकडचं, एक उजवीकडचं, असं बाहेर जायचं. बाजूची बटणं मात्र सगळी सुटीच ठेवा. ती लावली की हूड आडवं खेचलं जातं आणि पुढे जायला मोकळं राहत नाही.

आता या कामातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. फ्रेम पूर्ण ताठ करून मग पुढची पट्टी काचेपर्यंत ओढायची नाही. फ्रेमचे सांधे गुडघ्यासारखे अर्धवट दुमडलेले ठेवा. तशा स्थितीत हूड सैल असतं. पुढची पट्टी आधी काचेच्या चौकटीवर ठेवून लॅच लावा, आणि मग आतून, दोन्ही हातांनी, फ्रेमचे सांधे हळूहळू वर ढकलून सरळ करा. पुढची पट्टी हाताने ओढताना तुमच्या बोटांची ताकद लागते, आणि ती ताकद तिथल्या कापडावर एकवटते. सांधा सरळ करताना फ्रेम तरफेसारखी काम करते आणि ताण सगळ्या हूडवर वाटला जातो.

लॅच अजून पोचत नसेल तर नायलॉनचे पट्टे घ्या. प्रत्येक लॅचच्या आकड्यातून एक पट्टा ओवून चौकटीवरच्या लॅचच्या पकडीत अडकवा आणि फट अर्धी होईल इतकाच आवळून गाठ मारा. गाडी उन्हात. तासाभराने दोन सूत आवळा. पुन्हा तास. दोन्ही बाजू सारख्या आवळायच्या, नाही तर पट्टी तिरकी होते. आरशाच्या दांडीला किंवा ऊन अडवायच्या झापडांना पट्टा कधीही बांधू नका. एमजीबीत मधोमध जी बारीक दांडी असते ती चौकटीला आधार द्यायला आहे. तिला बाजूचा झटका बसला तर काच तडकते, आणि या गाडीची समोरची काच शोधणं हूड शोधण्यापेक्षा कठीण.

दुपारी दोन-अडीचला, हूड सगळ्यात तापलेलं असताना, पट्टे काढून लॅच लावून बघा. लॅच लावताना एका माणसाने बाहेरून पुढची पट्टी दोन्ही तळहातांनी खाली दाबावी, दुसऱ्याने आतून लॅच ओढावा. पकडीने, पान्याने लॅच ओढायचा नाही. अंगठ्याच्या जोराने लागत नसेल तर वेळ झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लॅच लागले की फ्रेमचे सांधे सरळ करा आणि आता बाजूची बटणं लावा, मागून पुढे. एखादं बटण दोन-तीन सूत कमी पडलं तर त्या जागी गरम पाण्यात पिळलेला पंचा दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा बघा. तरीही कमी पडलं तर ते एक बटण रात्रभर सुटं राहू द्या. बॉडीला नवं भोक पाडून खुंटी पुढे सरकवायचा मोह होतो. तो टाळा. कापडातलं बटण हलवता येतं, पत्र्यातलं भोक बुजत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो.

संध्याकाळी हूड उघडायचं नाही. रात्री ते थंड होताना आणखी ताठ होईल, सकाळी ढोलकीसारखं वाजेल. ते बघून घाबरू नका आणि ताण कमी करायला लॅचही सोडू नका. थंड असताना ताणलेलं राहणं, हेच त्याला नव्या मापाला बसवतं. दोन-तीन दिवस आणि रात्री ते तसंच चढवलेलं ठेवा. तिसऱ्या दिवशी उन्हात राहिलेलं बटण आपोआप बसतं.

थंडीत करायची वेळ आली तर

शक्यतो टाळा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे सकाळी पारा दहाच्या खाली जातो आणि रेक्झिन पुठ्ठ्यासारखं होतं. अगदीच नड असेल तर दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ धरा, गाडी वारा नसलेल्या भिंतीच्या आडोशाला लावा, आणि हात घालवेल इतक्या गरम पाण्याचे पंचे पुढच्या तिसऱ्या भागावर फिरवत राहा. केस वाळवायचा ड्रायर चालेल, सतत हलता ठेवून, वीतभर लांबून. मेमध्ये तीन दिवसांत होणारं काम थंडीत आठवडा घेतं.

तरीही कमी पडलं तर: पुढची पट्टी उघडणं

तीन दिवसांच्या उन्हानंतर जे अंतर उरतं ते कायमचं आटलेलं. ते इंचाच्या आत असेल तर अजून एक जागा शिल्लक आहे. हूडची पुढची कड पट्टीवरून खाली वळवून चिकटवलेली असते, आणि त्या वळणात थोडं जास्तीचं कापड असतं. मला तिथे चार ते आठ सूत मिळालेले आहेत.

रबर धरून ठेवणाऱ्या चॅनेलचे रिपिट ड्रिलने काढा. ड्रिल सरळ धरा, भोक मोठं करू नका. मग कडेला ड्रायरने ऊब देत, मधून सुरुवात करून, कापड सावकाश सोलत जा. फर्रकन ओढलं तर अस्तर पट्टीलाच चिकटून राहतं आणि वरचं रेक्झिन एकटं हातात येतं. पट्टीवरचं जुनं सोल्यूशन थिनरने पुसा, पण थिनरचा थेंबही रेक्झिनला लागू देऊ नका. पट्टी गंजलेली निघते, जवळजवळ नेहमीच. घासून रेड ऑक्साइड मारा आणि पूर्ण वाळू द्या. ही संधी पुन्हा दहा वर्षं येणार नाही.

आता मोकळी पट्टी काचेवर लॅच लावून बसवा, फ्रेम सरळ करा, तापलेलं हूड हाताने पुढे आणा आणि पट्टीच्या पुढच्या कडेवर येईल तिथे हूडवर खडूने रेघ ओढा. कोरं हूड असतं तर मी ही रेघ तीन सूत मागे घेतली असती, म्हणजे ताण राहतो. आटलेल्या हूडला असा जास्तीचा ताण द्यायचा नाही. रेघेवरच चिकटवायचं. लॅच सोडा, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावा, हाताला चिकटणार नाही इतपत सुकू द्या. मेमध्ये त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणून हे काम सावलीत करा. आधी मधला वीतभर भाग, मग आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे. एक रात्र थांबून चॅनेल नव्या रिपिटांनी बसवा.

अंतर इंचापेक्षा जास्त उरलं असेल तर पुढे पट्टी जोडून शिवता येते. मी ते जीपच्या हूडला करतो. एमजीबीला करत नाही. तो जोड डोळ्यांसमोर येतो, आणि पाणी बरोबर तिथूनच आत शिरतं. त्या गाडीला नवं हूडच करावं.

कापडी हूड असेल तर

काही गाड्यांवर रेक्झिनऐवजी दोन पदरी कापडाचं हूड असतं, मध्ये रबराचा थर. त्याला आपलं कोरडं ऊन उलटं पडतं, ते आणखी आवळतं. ते आधी कोमट पाण्याने दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवा, ओलं असताना चढवा, लॅच आणि बटणं लावा आणि सावलीत, चढवलेल्या स्थितीत वाळू द्या. बाकी क्रम तोच.

मागची प्लास्टिकची काच

तिच्यावर हीट गन नाही, पेट्रोल नाही, थिनर नाही, घरातल्या काचा पुसायचा फवाराही नाही. भरपूर पाणी आणि मऊ सुती कापड, बस. कोरडं पुसलं तर धुळीने रेघा पडतात आणि रात्री मागच्या ट्रकचे दिवे त्या रेघांत फुटून डोळ्यांवर येतात. मुंबई-आग्रा हायवेवर रात्री गाडी चालवणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. हूड खाली घेताना काचेला चेन असेल तर आधी ती उघडा, काच सपाट ठेवा आणि तिच्या खाली-वर मऊ पंचा घाला. थंडीच्या सकाळी तर घडी घालूच नका, प्लास्टिक दुमडीवर चिरतं.

बसल्यानंतर

ज्या उन्हाने हूड सैल केलं तेच ऊन त्यातलं तेलकट द्रव्य उडवत असतं. काम झालं की गाडी रोज उन्हात ठेवू नका. सावली नसेल तर सुती आच्छादन घाला. प्लास्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली घाम धरतो. आणि गाडी उभी असेल तेव्हा हूड चढवलेलंच असू द्या. पाटणादेवीच्या वाटेवर उघडी गाडी चालवण्याचा आनंद मला कळतो, पण घरी आल्यावर, हूड अजून उबदार असतानाच, ते वर घ्या. महिना महिना घडीत राहिलं की पुन्हा पहिला दिवस.

आठवडाभराने पाण्याची परीक्षा घ्या. नळीला जोर न देता, पावसासारखं वरून पाणी सोडा आणि आत एक माणूस बसवा. बहुतेक वेळा पाणी दिसतं ते एकाच जागी: दाराची तिकोनी काच, समोरच्या काचेची चौकट आणि हूड जिथे भेटतात त्या कोपऱ्यात. तिथे रबर नीट दबत नसेल तर लॅचची लांबी अर्धा-अर्धा आटा फिरवून कमी करा, दोन्हीकडे सारखी, आणि पुन्हा पाणी सोडा. आप्पांच्या गाडीला उजवीकडे एक आटा लागला. परीक्षेनंतर दोन्ही दारं उघडी ठेवून हूड आतून-बाहेरून पूर्ण वाळवा, मगच गाडी आत घ्या.